अकरा वंगणं आणि चार गुरुवार

रविवार, २८ सप्टेंबर २०२५

फ्राऊ हेलविगचा, म्हणजे टीमच्या कॅप्टनचा फोन. होर्स्टच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यामुळे आमच्या शूटिंग क्लबच्या रायफल टीममध्ये चौथी जागा रिकामी झाली आणि ती मला देणार. मला!

तीन वर्षं या फेराइनमध्ये (जर्मनीत क्लबला हेच म्हणतात) मी काय केलं? दुसऱ्यांचे स्कोअर लिहिले, उन्हाळी जत्रेत समोसे तळले, वार्षिक सभेत सगळे हात वर करतील तेव्हा हात वर केला. आता टीम. ३० नोव्हेंबरला लीगची शेवटची मॅच. हरलो तर खालच्या गटात. नोटीस बोर्डावर चार नावांची टाइप केलेली यादी लागते. त्यात चौथं नाव 'सत्यजित'. हे मला किती हवंय ते अरुंधतीलाही सांगितलेलं नाही. नवऱ्यानं सेहेचाळिसाव्या वर्षी नोटीस बोर्डावर नाव यावं म्हणून हळवं होणं बरं दिसत नाही.

अट एकच. नोव्हेंबरच्या चार गुरुवारांपैकी तीन गुरुवार सरावाला येऊन वहीत सही करायची. क्लबचा नियम. म्हणजे फॉर्मॅलिटी.

संकल्प: मॅच स्वतः भरलेल्या काडतुसांनीच खेळणार. दुकानातली डबी आणून कोणीही मारेल. माझ्याकडे लायसन्स आहे, कोर्स झालाय, परीक्षेत पन्नासपैकी सत्तेचाळीस. काडतुसं भरायचं प्रेस मार्चपासून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, तयार आहे. फक्त प्लॅस्टिक काढायचंय.

सोमवार, २९ सप्टेंबर

नोंद (पुढे पुस्तक लिहिताना उपयोगी पडेल). उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. तिला वंगण लावून पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायची, की ती पुन्हा मापात येते. वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते. जास्त झालं तर तिच्या खांद्यावर (मानेपाशी निमुळती होते तिथं) खळगा पडतो. म्हणजे सगळा खेळ वंगणाचा! बाकीचे लोक तासन्‌तास दारूवर आणि गोळीवर बोलतात, मुळाशी कोणी जात नाही. मी तेवीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. रूट कॉज शोधणं हा माझा प्रांत.

शेजारच्या हेर श्टाउफरना विचारलं. वय एकाहत्तर, निवृत्त सुतार, टीममधले सगळ्यात जुने. त्यांच्याकडे एक पत्र्याची डबी आहे, त्यातलं दोन बोटांनी पुसायचं, झालं. त्यात काय आहे? माहीत नाही म्हणाले. कंपनी कुठली? लेबल कधीच गळून पडलं. वर डबी माझ्यापुढे धरली. नम्रपणे नाकारली. या देशानं यंत्रं कशी काय बनवली कोण जाणे.

अरुंधतीला विचारण्यात अर्थ नाही. ती लुडविग्सहाफेनला केमिकल कारखान्यात मेण आणि वंगणांच्या लॅबमध्ये आहे हे खरं, पण तिथं टँकरच्या हिशेबात काम चालतं. पुंगळीच्या खांद्याचा नाजूकपणा तिला काय कळणार.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

सकाळी आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. आज अवजारांची पूजा, आणि तुझ्याकडे तर अख्खी बंदूक आहे, विसरू नकोस म्हणाली. बंदूक कायद्याप्रमाणे तिजोरीत. तिला तिथेच, उघड्या दारातून ओवाळलं. मग प्रेसचं प्लॅस्टिक काढलं (शुभमुहूर्त!) आणि प्रेस, वजनकाटा, डाय असं सगळं पाटावर मांडलं. झेंडू मिळाला नाही, शेवंतीवर भागवलं.

आई म्हणाली, अरे नुसतं शिंपडल्यासारखं करू नकोस, बोट नीट टेकव. तुपात हळदकुंकू कालवून नीट टेकवलं. डायच्या अंगावर बरोबर मधोमध एक बारीकसं भोक आहे, कंपनीनं टिळ्यासाठीच सोडल्यासारखं. तिथं अंगठ्यानं दाबून टिळा भरला. इतका सुबक बसला की फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. एकोणीस नमस्कार आले.

ऋचानं (वय बारा, मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये) विचारलं, आज या यंत्राचा वाढदिवस आहे का. तिला आपली परंपरा समजावली. 'या, या' (जर्मनमध्ये हो, हो) म्हणत निघून गेली.

शनिवार, ४ ऑक्टोबर. सकाळी ९

टेस्ट प्लॅन तयार. पुंगळ्या एकशेवीस. वंगणाचे नमुने सुरुवातीला पाच. प्रत्येकाला दहा निकष, प्रत्येक निकषाला एक ते दहा गुण. एक्सेलमध्ये रंगसुद्धा भरलेत. आठवड्यात विषय संपवतो.

दुपारी १

नमुना एक: महागातला स्प्रे. पहिली पुंगळी, खांद्यावर खळगा. दुसरी, खळगा. निदान: वंगण जास्त. कमी केलं. तिसरी, चौथी, खळगा, पण लहान. आणखी कमी केलं. सातवी डायमध्ये अडकली. पार घट्ट. हँडलवर लोंबकळलो तरी हलेना.

श्टाउफरनी येऊन ड्रिल, बोल्ट आणि हातोडी वापरून वीस मिनिटांत काढून दिली. जाताना परत त्या डबीचा विषय काढला. मी हसून विषय बदलला.

रविवार, ५ ऑक्टोबर

रूट कॉज सापडलं. स्प्रे. कंपनीला तीन पानी मेल लिहिली, फोटोंसह. भाषा कडक पण सभ्य.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

नमुना दोन: लॅनोलिन. म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. शुद्ध स्वरूपात औषधाच्या दुकानात मिळते, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी. काउंटरवरच्या बाईंनी अभिनंदन केलं. आता परक्या भाषेत पुंगळ्या, खांदे वगैरे कुठे समजावणार? डांके (धन्यवाद) म्हणालो. मुलगा की मुलगी विचारलं. अजून टेस्टिंग चालू आहे म्हणालो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सुपरमार्केटमध्ये श्टाउफरच्या बायकोनं अरुंधतीला मिठी मारली आणि या वयात धाडस लागतं म्हणाली. अरुंधती घरी आली ती थेट केलरमध्ये. माझी बाजू शांतपणे मांडली. तिनं लॅनोलिनची ट्यूब हातात घेऊन बघितली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नको म्हणून वर गेली. तिला काहीतरी सुचवायचं असावं. पण प्रयोगाच्या मध्ये बाहेरचं मत घेतलं की निकाल दूषित होतात.

लॅनोलिन: खळगे सहा, अडकल्या दोन. श्टाउफरनी येताना हातोडी स्वतःहून आणली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

कंपनीचं उत्तर आलं. चार ओळी! लिहितात, आपल्या डायला हवा आणि जादा वंगण बाहेर पडण्यासाठी एक छिद्र असतं, ते मोकळं आहे का पाहावं. जबाबदारी झटकण्याचा नमुना. बग आमच्यात नाही, तुमच्या मशीनमध्ये आहे, हे वाक्य मी तेवीस वर्षं डेव्हलपर लोकांकडून ऐकतोय. उत्तर दिलं नाही. फोल्डरमध्ये टाकलं: 'सबबी'.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

नमुना तीन, खोबरेल: केलरमध्ये बारा अंश, बाटलीत दगड. हेअर ड्रायरनं वितळवलं, पुंगळीवर लावेपर्यंत पुन्हा दगड. बाद.

नमुना चार, साजूक तूप: वासाला पूर्ण गुण. बाकी खळगेच. पण घरात विनाकारण वाद झाला. ती बरणी अरुंधतीच्या आईनं नाशिकहून पाठवलेली होती, दिवाळीच्या बेसनलाडवांसाठी. मी म्हणालो, अर्धी तरी आहे. ती म्हणाली, त्या अर्ध्यात पितळेचा कीस आहे. लाडू दुकानच्या लोण्याचे झाले. मला तर फरक कळला नाही. हेही बोलायला नको होतं.

शनिवार, १ नोव्हेंबर

सुट्टी. दिवसभर काम. नमुने आता आठ. सायकलच्या चेनचं तेल, लाकडी फरशीचं पॉलिश, ऋचाचा हेअर कंडिशनर. (ती तीन दिवस बोलत नाहीये. आधीही फारसं बोलत नव्हती.) खराब झालेल्या पुंगळ्या: एक्कावन्न. एक्सेलमध्ये आता चौदा टॅब. माझ्या माहितीप्रमाणे या विषयावर जर्मनीत एवढा डेटा कोणाकडेच नसावा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सरावाचा पहिला गुरुवार. नमुना आठ मध्यावर होता, टाकून जाता येईना. काही बिघडत नाही. उरले तीन, लागतात तीन. चोख.

रविवार, ९ नोव्हेंबर

ऋचा कपडे वाळत घालायला केलरमध्ये आली. बोलली, हीच मोठी गोष्ट. डाय हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हणाली, पापा, दास लोख इस्ट त्सू. भोक बंद आहे. मी म्हटलं, बाळा, ते भोक नाही, तो टिळा आहे, आज्जीच्या सांगण्यावरून लावलाय, पुसायचा नसतो. आल्झो गूट (बरं तर), म्हणाली आणि मोजे वाळत घालायला लागली. मुलांना श्रद्धा समजावताना संयम लागतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

आज नक्की जाणार होतो. जॅकेट घातलं होतं. निघण्याआधी फक्त एक पुंगळी म्हणून बसलो. अडकली. जॅकेट घालूनच हँडलवर लोंबकळलो. श्टाउफर सरावाला गेलेले, काढणार कोण?

फ्राऊ हेलविगचा फोन अरुंधतीनं घेतला. काय सांगितलंस, विचारलं. म्हणाली, खरं ते सांगितलं, तो केलरमध्ये मशीनला लटकलाय.

मग मला म्हणाली, सत्यजित, तुला त्या टीममध्ये जायचंय की नाही? मी म्हटलं, त्याचसाठी तर हे सगळं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आता गुरुवार दोन उरले आणि नियम तीनचा. फ्राऊ हेलविगना मेल: केलरमधले माझे एकशे अकरा तास सराव म्हणून धरावेत. सोबत एक्सेल जोडलं. नियमाचे शब्द महत्त्वाचे की त्यामागचा हेतू, असा सवाल नम्रपणे मांडला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उत्तर आलं. एक्सेल उघडलं नाही, तिच्याकडे एवढा मोठा कॉम्प्युटर नाही म्हणे. लिहिते, लीबर (प्रिय) सत्यजित, उरलेले दोन्ही गुरुवार ये, मी कमिटीशी बोलेन. काडतुसं कुठलीही आण, श्टाउफरकडे दुकानातली जास्तीची डबी आहे. फक्त ये.

'फक्त ये' खाली रेघ मारलीय.

बघा, ठाम भूमिका घेतली की मार्ग निघतो. संकल्प: २० आणि २७, दोन्ही गुरुवार. जमीन हादरली तरी. आणि स्वतःच्या काडतुसांनिशीच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

एक घटना घडली. जशी घडली तशी लिहितो.

अरुंधती नाताळाआधीच्या अॅडव्हेंटच्या कागदी चांदण्यांचा खोका काढायला खाली आली. मी नमुना दहावर होतो. ती थांबली. डाय बघितला. केसातली पिन काढली आणि माझ्या टिळ्यात खुपसली. मी ओरडलो. आतून लालपिवळी कडक काडी बाहेर पडली, गव्हाच्या दाण्याएवढी. तूप, हळद, कुंकू आणि सात आठवड्यांचं सगळं वंगण.

मग तिनं एक पुंगळी उचलली. तिच्या हाताला नुकतंच लावलेलं हँडक्रीम होतं, तेच बोटांनी पुंगळीला फिरवलं, डाय बसवला, हँडल दाबलं. पुंगळी बाहेर. खळगा नाही, अडकणं नाही, आरशासारखी. सगळं मिळून दीड मिनिट.

म्हणाली, कुठलंही चालतं रे. पातळ लाव, नंतर पुसून टाक. हे मी तुला ऑक्टोबरमध्येच सांगणार होते. उद्या गुरुवार आहे, जा.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं.

नंतर शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की हा माझ्याच पद्धतीचा विजय आहे. पद्धत शिस्तशीर नसती तर दोष वंगणात नाही हे इतक्या ठामपणे सिद्ध झालंच नसतं. प्रश्न एकच राहतो. आधीच्या दहा नमुन्यांचा सगळा डेटा दूषित. ते सगळे पुन्हा तपासावे लागतील. आणि हँडक्रीम हा अकरावा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पुनर्तपासणी. एका दिवसाचं काम, मध्ये सोडलं तर केलरचं तापमान बदलतं. फ्राऊ हेलविगना मेसेज केला: मोठा ब्रेकथ्रू, पुढच्या गुरुवारी सविस्तर. तिचं उत्तर: ओके. पुढे काही नाही. पूर्वी ती स्मायली टाकायची.

ऋचानं जेवताना विचारलं, गेला होतास का. नाही म्हटलं. ती अरुंधतीकडे बघून मराठीत म्हणाली, बाबा घाबरतो का? पहिल्यांदाच एवढं अख्खं मराठी वाक्य. उच्चार चांगले होते, एवढंच मी म्हणालो.

रविवार, २३ नोव्हेंबर

निकाल. अकरा वंगणं, प्रत्येकी तीन पुंगळ्या, दहा निकष. पहिल्या आणि अकराव्या क्रमांकात फरक: शून्य. खोबरेलसुद्धा चाललं. कंडिशनरसुद्धा. एक्सेलमध्ये सगळ्या चौकटी हिरव्या. तक्ता एखाद्या लॉनसारखा दिसतो.

असा निकालही निकालच असतो. पण पुस्तकाचा विचार तूर्त मागे ठेवतो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

चांगल्या पुंगळ्या उरल्या त्रेचाळीस. चाळीस काडतुसं भरली. प्रत्येक तोलून, मोजून, पुसून. खरं सांगायचं तर सुंदर झालीत. ऋचाच्या जुन्या रंगपेटीच्या लाकडी डब्यात भोकं पाडून ओळीनं बसवली. अरुंधतीला दाखवली. छान आहेत म्हणाली, आणि खरंच छान वाटल्यासारखी म्हणाली. मग विचारलं, परवा जाशील ना? अर्थात, म्हटलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

गेलो नाही. कारण अगदी साधं आहे. काडतुसं चाळीस, मॅचला लागतात चाळीस. सरावात उडवली तर रविवारी काय मारू? आणि श्टाउफरच्या दुकानी डबीनं सराव करायचा तर या दोन महिन्यांना अर्थ काय राहिला? फ्राऊ हेलविगला प्रत्यक्ष भेटून पटवीन. काडतुसं बघितली की तिलाही पटेल.

(दुसरं एक कारण आहे. मार्चपासून मी रायफल हातात धरलेली नाही. त्या तिघांसमोर पहिलाच शॉट काळं वर्तुळ सोडून पांढऱ्यात गेला असता तर? हे कंसात असू दे.)

शनिवार, २९ नोव्हेंबर

रायफल साफ केली. शर्ट इस्त्री केला. उद्या चौघांचा फोटो असतो, तो क्लबच्या भिंतीवर लागतो. झोपण्यापूर्वी दीर्घ श्वसन, वीस वेळा.

रविवार, ३० नोव्हेंबर. संध्याकाळ

सव्वाआठलाच पोचलो. यादी बोर्डावर होती. हेलविग, श्टाउफर, क्राफ्ट, आणि चौथा होर्स्ट. त्यात खाडाखोड नव्हती, शुक्रवारीच टाइप केलेली.

होर्स्ट कुबडी घेऊन आला होता. डॉक्टरनी नको म्हटलेलं. त्याला स्टुलावर बसून मारायची परवानगी काढली होती.

फ्राऊ हेलविग मला बाजूला घेऊन गेली. रागावली नाही. म्हणाली, गुरुवारी दिवे बंद करून कुलूप लावेपर्यंत तुझी वाट बघितली. एकदा जरी आला असतास तरी मी कमिटीशी भांडले असते. मी डबा उघडून दाखवला. तिनं एक काडतूस हातात घेतलं, नीट बघितलं, फार सुंदर म्हणाली आणि जपून परत जागेवर ठेवलं. मग स्कोअर लिहायचा तक्ता आणि पेन मला दिलं, नेहमीसारखं.

मी स्कोअर लिहिले. होर्स्टचा गुडघा शेवटच्या दहा शॉट्सना थरथरायला लागला. तेही आकडे मीच लिहिले. सात, सहा, आठ, पाच. चार गुणांनी हरलो. टीम खालच्या गटात गेली. मी मार्चनंतर एकदा जरी नीट सराव केला असता तर चार गुण माझ्याकडे नक्की होते. हे लिहिताना मला कोणतीही सबब सुचत नाहीये. फार वाईट वाटतंय.

फोटोत त्यांनी मलाही बोलावलं. नको म्हटलं. होर्स्टनं कुबडीनं मला पुढे ओढलं. कडेला उभा राहिलो, हातात तक्ता.

नंतर खुर्च्या आवरताना श्टाउफरनी विचारलं, मग शेवटी कोणतं वंगण चांगलं निघालं? अगदी मनापासून विचारलं. दोन महिने हातोडी घेऊन येत होते, त्यांचा हक्कच होता.

मी म्हणालो, कुठलंही.

गेनाऊ, म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.